पोरीचं ध्यान नव्हतं

मी गाडीतून उतरले, रंगरावतात्या हात जोडत पुढे आले, आणि त्यांनी मला ओळखलेलं नाही हे मला त्यांच्या हसण्यावरूनच कळलं.

"या मॅडम, या. आवो, वाट बघून डोळं दुखाय लागलं आमचं. आमच्या रानात खेळलेली पोर डॉक्टर झाली! माणसांची न्हवं, मातीची!" स्वतःच्याच विनोदावर ते मोठ्यानं हसले. सत्तरी उलटली होती, पण पाठ अजून ताठ. "आन् हे बाळ? झ्याक हाय की. मुलगी?"

"मुलगी. रेणू."

मी वाकून नमस्कार केला नाही. कडेवर लेकरू असलं की वाकता येत नाही, ही सबब बरी पडली. माझ्या मागून आबा उतरले. त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

"हे माझे वडील."

"बसा की पाव्हणं, खुर्चीवर बसा."

आबा "हाव, हाव" म्हणाले आणि जाऊन पायरीवर बसले. ज्या माणसाच्या फडात तीन हंगाम ऊस तोडला त्याच्याकडे त्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. तात्यांनीही त्यांना ओळखलं नाही. टोळ्या दरसाल येतात. टोळीतल्या माणसांचे चेहरे कोण लक्षात ठेवतं?

वारणेकाठचं गाव आहे ते. नाव लिहीत नाही. दसरा झाला की आमचं घर बीडकडून कुलूप लावून इकडं यायचं. माय, आबा, मी आणि मागाहून झालेला परमेश्वर. मी आठ वर्षांची होते तेव्हा तात्यांच्या मळ्यात, भरायला आलेली ट्रॉली मागे येताना परमेश्वर चाकाखाली आला. जेमतेम वर्षाचा. जीव वाचला, डावा पाय गुडघ्याखाली गेला. माणसं कोयते टाकून धावली. माय ऊर बडवत आली. कसं झालं, कसं झालं, म्हणून सगळे विचारायला लागले तेव्हा तात्या बांधावर उभे होते. ते म्हणाले, "पोरीचं ध्यान न्हवतं."

एवढंच. पण ते आमच्याबरोबर बीडला आलं. भावकीत गेलं. माझ्या लग्नाच्या बैठकीत माझ्या सासूबाईंच्या कानावरही कुणीतरी घातलं. फडावर लहान पोरीचं काम एकच असतं, लेकरू सांभाळणं. जिच्या हाती लेकरू देता येत नाही ती पोर फडावर कशाला न्यायची? म्हणून मला तालुक्याच्या वसतिगृहात टाकलं. माझ्या वयाच्या पोरी कोयत्याला लागल्या, मी पुस्तकाला. दहावी, बारावी, कृषी महाविद्यालय, मग मृदाशास्त्रात पीएचडी. लोक जिद्द जिद्द म्हणून कौतुक करतात. मी ऐकून घेते. तो राग होता.

माय दोन वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या दुखण्यात मी तिचं अंथरूण बदलायची तर म्हणायची, "परम्याला एकटा सोडू नको गं, त्याच्याकडं ध्यान दे." परम्या तेव्हा एकोणीस वर्षांचा, कृत्रिम पाय लावून मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवत होता. मी "हो माय" म्हणायची.

पीएचडी झाल्यावर बातमीदार घरी आला. लहानपणी कुठं कुठं ऊस तोडला, त्यानं विचारलं. मी एकच गाव सांगितलं, मुद्दाम. महिनाभरात तात्यांचा फोन आला. गावच्या शाळेत स्नेहसंमेलन आहे, तुमचा सत्कार करायचाय, आमच्याच मळ्यात जेवायला यायचं. मी लगेच हो म्हणाले.

मला शाल नको होती. "पोरीची चूक नव्हती," एवढं मला त्या तोंडातून हवं होतं, आणि ते आबांच्या समोर हवं होतं.

परमेश्वरला म्हटलं, तूही चल. तो हसला. "मला कशाला, आक्का? माझा पाय काय तिथं उगवलाय का, घेऊन यायला? तुझी वरात हाय, तू जा."

आबा तर दोन दिवस नाहीच म्हणत होते. "त्या गावाला कशाला? फोटोच काढायचा तर बीडात काढ." मला वाटलं, जुनं दुःख वर येत असेल. शेवटी मी म्हटलं, मग मी एकटी जाते रेणूला घेऊन. तेव्हा म्हणाले, "एकटी? लेकराला घेऊन? तुझं..." आणि थांबले. पुढचा शब्द मला ठाऊक होता. सकाळी कपडे करून ते माझ्या आधी दारात उभे.

तात्यांच्या बायकोनं, काकींनी, जेवायला वाढलं. फिकं लुगडं, हातात पितळी पळी, बोलणं कमी. तात्या मात्र थांबत नव्हते.

"मॅडम, एक इचारू? खालच्या पट्टीला मीठ फुटलंय. पांढरंफेक. वीस टन बी उतारा पडंना. काय टाकावं?"

"टाकू काही नका. पाणी कमी द्या."

"आवो, उसाला पाणी कमी देऊन चालतंय व्हय?"

"तुम्ही जन्मभर जास्त दिलंत. माती आता परत करतेय."

ते पुन्हा हसले. "बघ गं, कशी बोलती! आमच्याच रानाची हुशारी हाय ही." काकी हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे निरखून बघत होत्या. मी घास घेताना एक हात रेणूच्या पोटावर ठेवते. ती मांडीवर असली तरी ठेवते. काकी त्या हाताकडे बघत होत्या.

जेवणं होईतो उन्हं चढली. रेणू किरकिरायला लागली. पत्र्याखाली उकडत होतं, तिला झोप येत होती आणि लागत नव्हती. मी खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या, थोपटलं, पण तिचं रडं वाढतच गेलं.

"उकडतंय त्याला," तात्या म्हणाले. "आवो, आंब्याला झोळी बांधूया की! गार सावली हाय. अगं, लुगड्याचं एक जुनेर दे. सोल कुठं हाय? ऱ्हाऊ दे, मीच बघतो."

घराच्या उजव्या अंगाला, फडाच्या तोंडाशी तो आंबा होता. मी आल्यापासून त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. चांगला मोठा झाला होता. फेब्रुवारी होता, नखशिखांत मोहोरलेला.

तात्यांनी गड्याला हाक मारली नाही. स्वतःच तो सोल, जाड दोर, खांद्यावर टाकला, एका फांदीवरून पलीकडे फेकला, ओढून पाहिला. प्रत्येक हिसड्याला मोहोर खाली सांडत होता. त्यांच्या टोपीवर, खांद्यावर, जुनेराच्या घडीवर. मी जवळ जाऊन उभी राहिले.

"तात्या, मोहोर झडतोय."

"झडू दे की वो!" ते गाठ मारता मारता म्हणाले. "मोहोराचं काय, दरसाल येतोय. लेकरू निजलं पायजे. हं, द्या बाळाला."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. मी रेणूला दिलं नाही. छातीशी आणखी घट्ट धरलं.

"वीस वर्षांपूर्वीही दरसाल येत होता का?"

"म्हंजे?"

"त्या वर्षी इथं, ह्याच फांदीला एक झोळी होती. माझ्या मायनं पहाटे बांधलेली. आत माझा भाऊ झोपला होता, आणि मी दोरी ओढत होते. तुम्ही बांधावरून आलात आणि म्हणालात, 'ए पोरी, सोड ती झोळी. मोहोर झडतोय. खाली पाचटावर निजव त्याला.' मी सोडली. मला गाठ सुटत नव्हती, तर तुम्ही विळ्यानं दोर कापून दिलात. मी त्याला फडाच्या कडेला, वाळलेल्या पाचटाचा ढीग होता तिथं सावलीला ठेवलं. मग तुम्ही म्हणालात, 'बसून काय ऱ्हायलीस? ट्रॅक्टरवाल्याला पाणी आण जा.' मी घागर घेऊन विहिरीवर गेले. पाचटात लेकरू दिसत नाही, तात्या. त्याच रंगाचं होतं त्याचं दुपटं."

त्यांचे हात तसेच पुढे राहिले होते. ते त्यांनी हळूच खाली घेतले.

"म्हंजे तू... तुम्ही त्या बीडच्या..."

"नागरगोजे. पायरीवर बसलेत ते आबा. त्यांना तुम्ही आज खुर्ची दिलीत."

तात्यांनी आबांकडे पाहिलं, मग घराकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "मला असलं काय आठवत न्हाई बा. गडी-माणसाला शंभर गोष्टी बोलत असतो माणूस दिवसाला. वीस वर्सामागचं कुणाच्या ध्येनात ऱ्हातंय?"

"माझ्या."

"माझ्याबी," मागून काकी म्हणाल्या. त्या दारात उभ्या होत्या, हातात ताटं तशीच. "मी चुलीम्होरं हुते. समदं ऐकू आलंय मला. मी म्हटलं बी हुतं, मोहोरासाठी लेकराला कशाला खाली घालताय. तर मला म्हनलासा, तू तुझ्या भाकरीकडं बघ."

"तू गप गं!"

"वीस वर्सं गप हाय."

तात्यांनी टोपी काढली. तिच्यावरचा मोहोर त्यांनी झटकला नाही, नुसता बघत राहिले. "मॅडम, तुम्ही पाव्हण्या. घरी येऊन, जेवून, हे असलं शोभतंय का?"

"मला मॅडम म्हणू नका. 'ए पोरी' म्हणा. त्या दिवशी तसंच म्हणाला होतात." माझ्या आवाजानं रेणू दचकून गप्प झाली होती. "चार वाजता शाळेच्या मैदानात मला बोलायला उभं करणार आहात. सगळं गाव असेल. तुमची सोसायटी असेल, तुमचे व्याही असतील. तिथं विचारू, का इथं सांगता?"

"काय सांगू?"

"पोरीचं ध्यान नव्हतं, असं तुम्ही सांगितलंत. आता खरं सांगा. मला नका सांगू, मला ठाऊक आहे. तिकडं तोंड करून सांगा."

मी पायरीकडे बोट दाखवलं. ते चार पावलं चालत गेले. बागायतदार माणूस, आयुष्यभर टोळ्यांना बांधावरून हाका मारलेला. ऊस तोडणाऱ्या माणसापुढे उभं राहून काय करायचं हे त्यांच्या हातांना कळत नव्हतं. शेवटी त्यांनी ते पाठीमागं बांधले.

"पाव्हणं," ते म्हणाले. "झोळी मीच सोडाय लावली. पान्यालाबी मीच धाडलं तिला. तुमच्या पोरीची चूक न्हवती."

मी आबांकडे बघत होते. वीस वर्षं मी हा क्षण मनात केला होता. कधी आबा रडायचे, कधी तात्यांच्या गळ्याला हात घालायचे, कधी नुसतं माझं नाव घ्यायचे. मी सगळे चेहरे करून ठेवले होते.

आबा पायरीवरच्या मुंग्यांकडे बघत होते. त्यांनी पायानं एका मुंगीला वाट करून दिली.

"बरं," ते म्हणाले. "झालं गेलं. चल बाय, यष्टी जाईल."

ज्याला एखादी गोष्ट आत्ता कळते, त्याचा चेहरा असा नसतो. मी लेकराची आई आहे. कोण खरं दचकलंय आणि कोण नाही, हे मी दिवसभर बघत असते.

मी पिशवी उचलली. तात्या मागून आले. "मॅडम, सत्काराचं काय? शाल आनलीया, पोरं टिपऱ्या घेऊन हुबी हायती. गावाला काय सांगू मी?"

"सांगा, पाहुणीचं ध्यान नव्हतं."

आम्हाला आणायला पाठवलेली त्यांची गाडी मी परतीला नाकारली. फाट्यापर्यंतचा रस्ता उसातून होता. आबा पुढं, मी मागं. एका फडात टोळी लागली होती. आमच्याकडचीच असावी, बायकांच्या बोलण्यावरून वाटलं. आबा तिकडं न बघता चालत होते. मी त्यांच्या पाठीकडं बघत होते. फाट्यावर लिंबाच्या सावलीत आम्ही थांबलो. रेणू आता झोपली होती, खांद्यावर, घामेजून.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

ते रस्त्याकडं बघत राहिले.

"आबा."

"कडेच्या सरीत होतो मी. तेवढं ऐकू येतंय."

"काय काय ऐकू आलं?"

"समदं."

एक ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत गेला. त्याचं गाणं लांब गेल्यावर मी विचारलं.

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"काय बोलू? पट्टा पडायला दोन महिने होते." कारखान्याचा हंगाम संपला की आमच्याकडं पट्टा पडला म्हणतात. "परमा दवाखान्यात. गाडी तात्याची, डॉक्टर तात्याच्या वळखीचा. त्याचं नाव घेतलं असतं तर मुकादमानं त्याच दिशी टोळी उठवली असती. पाय तर गेलाच होता. लेकरू बी गेलं असतं."

"म्हणून मला पुढं केलंत."

"मी नाय केलं. तो बोलला. मी गप बसलो."

"आणि नंतर? बीडला आल्यावर? माझ्या लग्नात? मायला तरी सांगायचं होतं."

"तुझ्या मायला?" आबांनी पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "तुझी माय गप बसली असती का? कोयता घेऊन गेली असती तात्याच्या दारात. जल्माची तुरुंगात गेली असती."

"माय मरताना मला म्हणत होती, परम्याकडं ध्यान दे."

"ऐकलंय मी."

"तेव्हा तात्या नव्हता तिथं. मुकादम नव्हता. मी, तुम्ही आणि ती, एवढेच होतो त्या खोलीत."

आबांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. मग खालच्या आवाजात, ठेवून ठेवून झिजलेलं काहीतरी बाहेर काढावं तसं म्हणाले, "तू शिकलीस ना पर. तुझ्यावर बोल आला म्हणून तुला वसतिगृहात टाकता आली. नायतर तुझ्या मायनं सोडली नसती तुला. आज कोयताच असता तुझ्या हातात. बाराव्या-तेराव्या वर्षी उजवून टाकली असती. माझ्या मनानं तेवढं धरलं व्हतं, की चला, पोरगी तरी सुटली."

त्यात खोटं काही नव्हतं, हेच मला सहन झालं नाही. माझी पदवी, माझी नोकरी, माझ्या नावामागचं डॉक्टर, हे सगळं त्यांनी एका वाक्यात त्या खोट्याच्या पदरात टाकलं. रात्र रात्र जागून मी जे मिळवलं ते म्हणे त्यांच्या गप्प बसण्याचं फळ.

"म्हणजे उपकार केलेत," मी म्हणाले.

"उपकार नाय म्हणत मी."

"मग काय म्हणता?"

त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. म्हातारे झाले होते. ते मला त्याच दुपारी दिसलं, आणि दया येईल म्हणून मी दुसरीकडं बघितलं.

एसटी आली. दाराशी गर्दी होती. आबा पटकन वळले, हात पुढं केले. "दे तिला, मी धरतो. तू चढ."

मी त्यांच्या हातात पिशवी दिली.

मागच्या बाकावर जागा मिळाली. खिडकीशी मी, मधे रेणू, पलीकडं आबा. कंडक्टरनं तिकिटं फाडली, पुढं गेला. मी मोबाइल काढला, परमेश्वरला लावला आणि वाजायला लागल्यावर आबांच्या कानाला धरला.

"कोण हाय?" ते दचकून म्हणाले.

"परमेश्वर."

"आत्ता कशाला? घरी गेल्यावर..."

"आत्ता."

तिकडून त्याचा आवाज आला, दुकानातल्या गाण्यासकट. "हां आक्का! काय, झाली का वरात? शाल कुठल्या रंगाची?"

आबा माझ्याकडं बघत होते. डोळ्यांत नुसती विनवणी होती. मी फोन हलवला नाही.

"परमा," ते म्हणाले. "मी बोलतोय. जेवलास का?"

"जेवलो की. काय झालं? आवाज असा का येतोय?"

पुढच्या बाकावरच्या दोन बायका वळून बघायला लागल्या. गाडी खड्ड्यातून गेली, आबांची टोपी सरकली; ती नीट करायला त्यांनी हात वर नेला, मी फोन तसाच कानाशी धरून ठेवला. माझा हात भरून आला होता. मी तो बदलला नाही. दुसरा हात रेणूवर होता.

"परमा," ते परत म्हणाले. "तुझ्या पायाचं सांगायचंय तुला. नीट ऐक. गाणं बंद कर आधी."

तिकडं गाणं बंद झालं.

आबा सांगायला लागले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. एक शब्द जरी गाळला असता तरी मी त्यांना परत पहिल्यापासून सांगायला लावलं असतं.